वाचकांचे प्रश्न : ‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

लेकरू वयाप्रमाणे बसत नाही, चालत नाही, बोलत नाही, आता काय करावं? या वेळी आलेल्या पत्रांत हीच काळजी सर्वांत जास्त दिसली. काही पत्रं घरातल्या माणसांची आहेत, काही गावात तपासणी करणाऱ्यांची. दोन्ही एकत्र घेतली आहेत.

माहा नातू वीस महिन्याचा झाला. चालते, धावते, पन ‘आई’सुद्धा म्हनत नाही. मांगून टाळी वाजवली का पाह्यते, म्हनजे ऐकू येते. त्याचा बाप बी तीन वर्साचा झाल्यावर बोलला होता. गावात म्हनते जिभेखालची शीर कापून आना. थांबू का दवाखान्यात नेऊ? — एक आजी, दर्यापूर तालुका

आजी, न्या. आणि सगळ्यांत आधी कान तपासून घ्या.

टाळीने कान तपासला जात नाही. मागून टाळी वाजवली की हवेचा झोत लागतो, सावली हलते, समोर बसलेल्या आईचे डोळे तिकडे वळतात. लेकरू हुशार असतं, त्याला तेवढं पुरतं. शिवाय थोडं ऐकू येणारी पुष्कळ मुलं असतात. त्यांना टाळी, दार, ट्रॅक्टर ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज येत नाहीत. बोलणं त्यांच्या कानावर पडतं, पण शब्द सुटा होत नाही. नातवाचा कान कधी वाहत असेल तर तेही सांगा.

जिल्हा रुग्णालयात कानाच्या दोन तपासण्या विचारा. ओएई ही काही मिनिटांची असते. बेरा या तपासणीला मात्र लेकरू झोपलेलं लागतं. इथेच फेरी वाया जाते. एसटीत बसल्या बसल्या मूल झोपतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत टक्क जागं होतं. म्हणून बेराच्या दिवशी पहाटे लवकर उठवा, प्रवासात खेळवत जागं ठेवा आणि तिथे पोचल्यावर दूध पाजून झोपवा.

आता घरी दोन गोष्टी पाहा. पहिली, त्याला कळतं का? हाताने खूण न करता, डोळ्यांनीही न दाखवता म्हणा, ‘चप्पल आण’, ‘बाबा कुठं?’ दुसरी, तो बोट दाखवतो का? बोट दोन कारणांनी दाखवलं जातं. बिस्किट हवं म्हणून एक, आणि ‘तो पाहा बैल’ हे तुम्हालाही दिसावं म्हणून दुसरं. हे दुसरं बोट फार महत्त्वाचं आहे. ते नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, डोळ्यांत पाहत नसेल, तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) प्रश्नावली भरायला हवी. ती 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी आहे, तिच्यात 20 प्रश्न असतात. 0 ते 2 गुण आले तर सध्या काळजी नाही. 3 ते 7 आले तर त्याच प्रश्नांवर पुन्हा खोदून विचारतात. 8 किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञाकडे पाठवतात. हे निदान नव्हे, पुढे पाहायचं की नाही एवढंच त्यातून ठरतं.

वर्षाचं मूल हाताने टाटा करतं, बोट दाखवतं. सोळा महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एखादा तरी शब्द यायला हवा. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडायला हवेत, ‘बाबा आला’, ‘पाणी दे’ असे. मोठ्यांच्या मागून म्हटलेले धरायचे नाहीत. यातलं काही चुकलं की थांबायचं नाही. बाप उशिरा बोलला हे खरं असेल. पण घरात उशीर असणं हे तपासण्याचं कारण आहे, निर्धास्त राहण्याचं नाही. जिभेखालच्या शिरेने एखादा उच्चार बोबडा होईल, पण लेकरू मुकं राहत नाही. ती कापून शब्द येणार नाहीत आणि मधले सहा महिने मात्र जातील. मोबाइल त्याच्या हातातून काढा. मोबाइल बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही.

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात तीस-चाळीस मुलं असतात. विकासाची तपासणी करा म्हणतात, पण वेळ कुठून आणायचा? आरबीएसकेचं पथक येतंच की. — समुदाय आरोग्य अधिकारी, आर्णी तालुका

पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण पथक येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी ज्या बाळात अडचण दिसू लागते, त्याचे पुढचे साडेपाच महिने कुणी मोजायचे? शिवाय पथकाच्या दिवशी आई कापूस वेचायला गेलेली असते. लसीला मात्र ती बाळ घेऊन येतेच. म्हणून लस हीच खरी संधी.

चाळीसही मुलं तपासायची नाहीत. दोनच टप्पे पक्के धरा : 9 महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची पहिली लस आणि 16 ते 24 महिन्यांतला बूस्टर. अशी मुलं एका दिवशी हातावर मोजण्याइतकी असतात. बाळाच्या विकासाचे टप्पे तपासायचा त्रिवेंद्रम तक्ता वापरला तर एका मुलाला पाच ते सात मिनिटं लागतात. दोन वर्षांपर्यंतच्या तक्त्यात 17 बाबी आहेत. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. ज्या बाबीची आडवी पट्टी पूर्णपणे पेन्सिलच्या डावीकडे राहते आणि मूल ती करत नाही, तिथे विलंब धरायचा. एवढं सोपं आहे ते.

चूक होते ती क्रमात. हातांनी करवून घ्यायची तपासणी सुईच्या आधी करा. सुईनंतर मूल रडत असतं, काही करत नाही, आणि आपण ‘सहकार्य नाही’ असं लिहून मोकळे होतो. लसीनंतर अर्धा तास थांबवतोच, त्या वेळात आईला विचारायचे प्रश्न विचारा. भुकेल्या आणि पेंगुळलेल्या मुलाला तर मुळीच तपासू नका.

वय नीट काढा. घरी ‘वर्साचा होत आला’ म्हणतात, तान्ह्या पोळ्यावरून मोजतात. कार्डावरची तारीख घ्या. 20 ऑगस्टला जन्मलेलं बाळ 5 जूनला 9 महिने 16 दिवसांचं होतं. पण ते 32 आठवड्यांना जन्मलं असेल तर 40 मधून 32 गेले, 8 आठवडे वजा करायचे, म्हणजे त्याला साधारण साडेसात महिन्यांच्या बाळाच्या मापाने पाहायचं. दोन वर्षं होईपर्यंत असंच करायचं. ही वजाबाकी चुकली की धडधाकट बाळ उगाच जिल्ह्याला जातं. उलटही घडतं. पूर्ण दिवसांच्या पण कमी वजनाच्या बाळाला ‘कमी दिवसांचं असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. वजन आणि दिवस या वेगळ्या गोष्टी आहेत.

सामान फार लागत नाही. घंटी, लाल लोकरीचा गोळा, एक इंची लाकडी ठोकळे, वाटी आणि थोडे मुरमुरे. चिमटीने उचलायला फुटाणा किंवा शेंगदाणा देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो. मुरमुराही बोटांत आला की काढून घ्या.

नऊ महिन्यांच्या बाळाला दोन्ही हात धरून उठवा. मान मागे लोंबते का? सतरंजीवर बसवा आणि हात सोडा. टेकू न घेता बसायला हवं. एका हातातला ठोकळा दुसऱ्या हातात घेतं का? ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढतं का? आणि हे खास पाहा : एकच हात पुढे येतो का? आई कौतुकाने ‘डावखुरा आहे’ म्हणते. वर्षाच्या आत हात ठरत नसतो. तेवढ्यात एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात दोष शोधा. मुठी घट्ट आवळलेल्या असतील किंवा उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे होत असतील, तर तक्ता पुरा व्हायची वाट न पाहता पाठवा.

मूल तापात किंवा झोपेत होतं म्हणून जमलं नसेल, तर दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा आणि ती तारीख कार्डावर लिहा. ‘नंतर बघू’ असं तोंडी सांगणं म्हणजे न सांगणंच. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर पाठवायचं. आईला ‘मतिमंद’ हा शब्द तिथे, रांगेसमोर, कुणीही उच्चारू नये. तो निदानाचा प्रश्न आहे आणि निदान आपण केलेलं नाही. एवढं म्हणावं : ‘ताई, या वयात बाळं बसतात, आपलं अजून बसत नाही. कारण पाहून घेऊ, लवकर पाहिलं तर उपाय जास्त लागू पडतात.’

आमच्याकडे घरोघरी कोरकू बोलतात. तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिन्यांच्या भेटीत मी कार्डावरचे प्रश्न विचारते. माय सगळ्याला ‘हो’ म्हणते. मग पथक आलं की त्याच मुलात विलंब निघतो. — आशा कार्यकर्ती, धारणी तालुका

ताई, ‘बसतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच सोपं उत्तर आहे. सरकारी वही हातात असलेल्या बाईला ‘नाही’ म्हणायला कुणाला आवडेल? म्हणून ‘का’ चा प्रश्न सोडा. ‘कसा बसतो, दाखव’ म्हणा. ‘काल काय काय बोलला?’ असं विचारा आणि शब्द लिहून घ्या. कोरकूतला शब्दही शब्दच. एक कोरकू आणि एक मराठी असेल तर दोन धरा. घरात दोन भाषा असल्याने मुकेपणा येत नाही. ‘दोन भाषांमुळे गोंधळला’ म्हणून मूल थांबवून ठेवू नका.

कुपोषित मूल मागे राहतंच, आणि वजन वाढलं की भरून निघेल असं सगळे धरून चालतात. काही भरून निघतंही. पण ज्या बाळाला मेंदूच्या दोषामुळे चोखता-गिळता येत नाही, तेही वाळलेलंच दिसतं. म्हणून दूध पिताना ठसकतं का, एका पाजण्याला फार वेळ लागतो का, हे विचारा. पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतानाच विकासाची नोंदही चिठ्ठीवर लिहा.

कामाला बाहेरगावी गेलेली कुटुंबं होळीला परततात. त्या आठवड्यात राहिलेली मुलं पाहून घ्या. माता-बालक कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवा, कार्ड हरवलं तरी तारखा राहतात.

अंगणवाडीतलं दहा महिन्यांचं बाळ. आधी हसायचं, आधाराने बसायचं. महिनाभरात सगळं बंद झालं. फिकं पडलं, केस भुरे झाले, बोटांचे सांधे काळवंडले, हात थरथरतात. अंगावरचं दूध पितं, वरचं काही घेत नाही. पुढच्या पथकाला दाखवू का? — अंगणवाडी सेविका, यवतमाळ जिल्हा

नाही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

उशिरा येणं वेगळं आणि आलेलं जाणं वेगळं. जमत असलेली गोष्ट गेली तर कोणत्याही वयात ती तातडीची बाब आहे. तुम्ही सांगितलेली लक्षणं ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जुळतात. आई पूर्ण शाकाहारी असेल, दूध-दहीही फारसं नसेल, तर तिच्याच अंगात ब-12 कमी असतं, दुधातही कमी उतरतं, आणि सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं नाही की बाळ असं सुकतं. लाल रंगाचं टॉनिक देत बसू नका, नुसत्या लोहाने हे भरत नाही. ब-12 सुरू झालं की बाळाचा चेहरा बहुधा काही दिवसांतच उजळतो. उशीर झाला तर मात्र विकासातली कसर मागे राहू शकते. आईलाही तपासून औषध हवं.

आणखी एक विचारून घ्या : झोपेतून उठल्यावर बाळ एकापाठोपाठ एक झटके देतं का? मान वाकते, हात फाकतात, क्षणात सुटतं, परत होतं? घरी याला दचकणं किंवा पोटदुखी समजतात. ही बाळांची एक प्रकारची फिट असू शकते आणि उपचाराला उशीर झालेला प्रत्येक आठवडा मेंदूला महाग पडतो. मोबाइलवर चित्रफीत काढा, डॉक्टरांना ती शंभर शब्दांपेक्षा कामाची.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून तेही ध्यानात ठेवा. सिकलसेलचं मूल अचानक एका बाजूने लुळं पडलं, बोलणं गेलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा चिठ्ठी नको, 108 ला फोन लावा.

चिठ्ठी दिली, पण लोक जिल्ह्याला जात नाहीत. एकदा गेले तर दुसऱ्यांदा जात नाहीत. — आरोग्य सेविका, कुरखेडा तालुका

दिवसाची मजुरी बुडते, दोघांचं भाडं लागतं, आणि तिथे ‘आज डॉक्टर नाहीत’ ऐकायला मिळतं. कोण जाईल? म्हणून पाठवण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला, म्हणजे विकासात अडचण असलेल्या मुलांच्या केंद्राला, फोन करून कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी असतो ते विचारा. चिठ्ठीवर ‘विकास विलंब’ एवढंच लिहू नका. ‘11 महिने, आधाराशिवाय बसत नाही, उजवा हात वापरत नाही’ असं लिहा, म्हणजे खिडकीवरचा माणूस योग्य दारी पाठवतो. सोबत माता-बालक कार्ड, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, आधार आणि रेशनकार्ड असावं. बाळ उशिरा रडलं होतं का, काचेच्या पेटीत होतं का, कावीळ किती होती, हे डिस्चार्ज कार्डावर असतं आणि निम्म्या घरांत तेच सापडत नाही.

परतल्यावर आठ दिवसांत घरी जाऊन विचारा : काय सांगितलं, कोणता व्यायाम दाखवला, पुढची तारीख कोणती? व्यायाम समोर करवून घ्या. फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदा भेटतो, आजी रोज मालिश करते. आजीला तो शिकवला तर फेऱ्या कमी झाल्या तरी काम चालू राहतं.

चालायला उशीर होतो म्हणून वॉकर घेतला. किती वेळ ठेवावं? — वाचक, वर्धा जिल्हा

वॉकरमध्ये ठेवूच नका. त्यात मूल टाचा उचलून पंजांवर ढकलतं, तोल शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून किंवा चुलीकडे पालथं होतं. लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहू लागलेलं मूल स्वतः धरून ढकलतं. त्याला हरकत नाही, शेजारी माणूस हवा. पत्रात मुलाचं वय लिहिलेलं नाही. अठरा महिने झाले असतील आणि एकट्याने चालत नसेल, तर पुढच्या लसीच्या दिवसाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.