क्वारंटाइन टँकचं पाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ८० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या क्वारंटाइन टँकमध्ये (नवे मासे मुख्य टँकआधी वेगळे ठेवायची टाकी) दोन क्लाउनफिश ठेवले आहेत. रोज २५ टक्के पाणी बदलतो, तरी अमोनियाची टेस्ट ०.५ च्या खाली उतरत नाही. चौथ्या दिवसापासून मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. काय चुकतंय? (ठाणे)

चूक हिशेबात आहे. साधारण ४५ टक्के प्रथिनं असलेलं १ ग्रॅम कोरडं खाद्य माशांनी खाल्लं, की पाण्यात जवळपास ४० मिलिग्रॅम अमोनिया येतो. तुम्ही दिवसाला ०.३ ग्रॅम घालत असाल, तर ८० लिटरमध्ये रोज सुमारे ०.१५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची भर पडते. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू नसतील, तर रोज २५ टक्के पाणी बदलूनही अमोनिया वाढत वाढत रोजच्या भरीच्या चौपटीवर, म्हणजे ०.६ वर जाऊन थांबतो. निम्मं पाणी बदललं, तर दुपटीवर, ०.३ वर थांबतो. पाणी बदलून अमोनिया शून्यावर येत नाही, फक्त त्याची कमाल पातळी ठरते.

दुसरी बाजू पीएचची. टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवतं; त्यातला मुक्त भाग तेवढा कल्ल्यांना जाळतो. २६ अंश तापमानाला पीएच ८.२ असेल तर हा भाग ७ ते ८ टक्के, ७.८ असेल तर जेमतेम ३ टक्के. म्हणजे ०.६ हा आकडा एका टँकमध्ये कसाबसा निभावतो आणि दुसऱ्यात मुक्त अमोनिया ०.०४ च्या पुढे नेतो. ०.०२ च्या वर गेला की काळजी करायची. ८.२ हा पीएच चांगला म्हणून तो वाढवण्याच्या मागे लागू नका, क्वारंटाइनमध्ये ७.९-८.० स्थिर राहिला तरी काही बिघडत नाही.

आज करायचं ते असं : निम्मं पाणी बदला. नवीन पाण्याची क्षारता (खारेपणा) आणि तापमान टँकशी जुळवलेलं असावं. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवा, मग निम्म्यावर आणा आणि दहा मिनिटांत न खाल्लेलं नळीने ओढून काढा. एअर स्टोन पूर्ण जोरात चालवा. अमोनिया खाली आल्यावरही धाप थांबली नाही, तर पाण्यावर खापर फोडू नका. अंगावर बारीक सोनेरी भुकटीसारखा थर दिसतोय का, ते टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. तो मखमली रोग असू शकतो आणि त्यात तासातासाला फरक पडतो.

प्रश्न : मुख्य टँकच्या सम्पमधला (फिल्टरसाठी जोडलेल्या खालच्या टाकीतला) स्पंज क्वारंटाइनला वापरला तर चालेल का? तो तयार झाला हे कसं ओळखायचं? (पुणे)

मुख्य टँकमध्ये अनेक महिने रोग नसेल तरच. नाहीतर नव्या माशाला त्याच स्पंजातून जुना परजीवी मिळतो, आणि क्वारंटाइन कशासाठी केलं हाच प्रश्न उरतो. आमचा कल वेगळ्या बादलीकडे आहे : २० लिटर खारं पाणी, स्पंज फिल्टर, एअर पंप, २६ अंशांवर लावलेला हीटर आणि बाटलीतले समुद्री नायट्रिफाइंग (अमोनिया संपवणारे) जिवाणू. जिवाणूंचं खाद्य म्हणून अमोनियम क्लोराईड, म्हणजेच नवसागर. मात्र कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. २० लिटरमध्ये २ मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनिया करायला सुमारे ०.१२ ग्रॅम पुरतो. ८० लिटरला जवळपास अर्धा ग्रॅम. एवढा अमोनिया २४ तासांत संपायला लागला, की स्पंज तयार. जिवाणूंच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, चार ते सहा आठवडे हाताशी ठेवा.

मासा आणायला वेळ असेल तर दर दोन-तीन दिवसांनी नवसागर घालत राहा. उपाशी ठेवलेला स्पंज मंदावतो. नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात तो पदार्थ) दिसला म्हणून घाबरू नका. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो गोड्या पाण्याइतका घातक ठरत नाही.

प्रश्न : परजीवी मारायला तांब्याचा उपचार चालू असताना पाणी बदललं की तांब्याची पातळी घसरते. प्रमाण कसं सांभाळायचं? अमोनिया बांधणारं औषध सोबत घालता येईल का? (नाशिक)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. अमोनिया आणि क्लोरीन एकदम ‘निष्प्रभ’ करणारी बरीच द्रावणं क्षपणकारी असतात. ती तांब्याचं रूप बदलतात आणि तेच तांबं माशाला जास्त विषारी होतं. तांबं सुरू करण्याआधीच फिल्टर तयार हवा, तो यासाठी.

आता प्रमाण. बाटलीवर तांबं कोणत्या प्रकारचं आहे ते नीट वाचा. चिलेटेड (दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या) तांब्याची उपचारपातळी २ ते २.५ पीपीएम, म्हणजे मिलिग्रॅम प्रतिलिटर असते, आयनिक प्रकाराची त्याहून बरीच कमी. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की मासा मरतो किंवा परजीवी जगतो. चिलेटेड तांबं २.२५ वर ठेवायचं असेल आणि तुम्ही ४० लिटर पाणी बदलणार असाल, तर त्या ४० लिटरमध्ये ४० × २.२५ = ९० मिलिग्रॅम तांबं आधी बादलीतच मिसळा, मोजा, मगच टँकमध्ये ओता. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी मात्र साध्या आरओ पाण्याने भरायचं, कारण तांबं उडून जात नाही. त्या भरीतही औषध घालणाऱ्यांची पातळी आठवडाभरात हळूच चढते.

रंग जुळवायच्या किटवर २ आणि २.५ मधला फरक डोळ्यांना कळत नाही. उच्च पल्ल्याचा डिजिटल चेकर घ्या. या छंदात वाया न जाणाऱ्या खर्चांपैकी तो एक आहे. पातळी दोन-तीन दिवसांत पायरीपायरीने चढवा, म्हणजे माशाला आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही सावरायला वेळ मिळतो. त्या दिवसांत अमोनिया रोज तपासा.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तांबं ३० दिवस का, असंही तुम्ही विचारलं आहे. परजीवी माशावर असताना किंवा तळाशी कोषात असताना तांबं त्याला मारत नाही. कोष फुटून बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं. सगळे कोष एकाच दिवशी फुटत नाहीत. मध्ये पातळी २ च्या खाली गेली, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा.

प्रश्न : क्वारंटाइन टँकमध्ये लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला समुद्री खडक) ठेवू का? (कोल्हापूर)

तांबं वापरणार असाल तर मुळीच नको. रॉक आणि प्रवाळाची वाळू तांबं शोषतात. आज घातलेली मात्रा उद्या सापडत नाही. पीव्हीसीचे एल्बो ठेवा, लपायला तेवढे पुरतात.

प्रश्न : दूरवरून कुरिअरने आलेला मासा दोन तास थेंबथेंब पाणी सोडून जुळवून घेतला, तरी संध्याकाळी मेला. (नागपूर)

बहुधा त्या दोन तासांनीच घात केला. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. त्यात तुम्ही ८.२ पीएचचं पाणी थेंबथेंब घालून भर टाकली.

म्हणून तयारी उलटी करा. बरेच व्यापारी मासे १.०१८ ते १.०२० सापेक्ष घनतेवर (पाणी किती खारं, ते दाखवणारा आकडा) ठेवतात. पाठवणाऱ्याला आधी विचारा आणि टँक त्याच आकड्यावर तयार ठेवा. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, उघडल्यावर क्षारता एकदा मोजा आणि मासा लगेच सोडा. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका. नंतर रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवत १.०२५ वर न्या. वर चढताना घाई नको. उतरताना मासे बरंच सहन करतात.

प्रश्न : घरच्या आरओचं पाणी वापरावं की समुद्राचं पाणी आणावं? (मुंबई)

मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी आणू नका : सांडपाणी, तेल, परजीवी आणि पावसाळ्यात घसरणारी क्षारता. घरचा आरओ चालेल, पण त्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तांब्याचं कार्ट्रिज असलेला आरओ तर कोळंबी आणि प्रवाळ असलेल्या टँकला अजिबात नको. मेंब्रेनच्या (गाळणाऱ्या पडद्याच्या) लगेच पुढून पाणी घ्या आणि टीडीएस १० च्या आत येतो का बघा. त्यात लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम मरीन सॉल्ट घालून पंपाने रात्रभर फिरवा. खडेमीठ नाही.

प्रश्न : दोन रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायची उपकरणं) वेगवेगळे आकडे दाखवतात. कोणता खरा? (रत्नागिरी)

दोन्ही चुकीचे असू शकतात. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळवणं पुरेसं नाही. ३६.५ ग्रॅम कोरडं साधं मीठ (सोडियम क्लोराइड, मरीन सॉल्ट नव्हे) ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर हे द्रावण ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दिसायला हवं. स्क्रू फिरवून तिथेच आणा. मिठाच्या वजनात एका ग्रॅमची चूक झाली तर जवळपास एका पीपीटीचा फरक पडतो, म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा वापरा.