रोबोटच्या थव्याला म्होरक्या लागतो का? वाचकांचे प्रश्न

ड्रोन शोमध्ये शेकडो ड्रोन मिळून आकाशात चित्रं काढतात. तो रोबोटचा थवाच ना?

नाही. कोणत्या ड्रोनने कोणत्या क्षणी कुठे असायचं, हे तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं. उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ओळखायची आणि आखून दिलेल्या वाटेने उडायचं, एवढंच त्यांचं काम. खऱ्या थव्यात जो तो शेजाऱ्यांचा अंदाज घेत आपलं आपण ठरवतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३० ड्रोन मोकळ्यावर असे उडवून दाखवले. ते आपली जागा आणि वेग एकमेकांना कळवत होते, पण वळायचं कधी हे ज्याचं त्यानेच ठरवायचं होतं. ड्रोन शोपुढे ही संख्या किरकोळ वाटेल. मला मात्र या तिसांचं अप्रूप कितीतरी जास्त आहे.

मुंग्यांना जवळची वाट कोण सांगतं? आणि रोबोट गंध कसा सोडणार?

कुणीच सांगत नाही. बेल्जियमच्या संशोधकांनी १९८९ मध्ये अर्जेंटाइन मुंग्यांवर केलेला प्रयोग पाहा. वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला, एक फाटा आखूड, एक लांब. मुंग्या चालताना वाटेवर गंध सोडत जातात. सुरुवातीला त्या दोन्हीकडे सारख्याच जातात. आखूड फाट्यावरच्या लवकर परततात, त्यामुळे तिथे गंध आधी साचतो. त्या गंधाने आणखी मुंग्या तिकडे वळतात. थोड्याच वेळात बहुतेक सगळी रांग आखूड फाट्यावर येते.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आधी फक्त लांब फाटा ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड जोडला, तर बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेला चिकटून राहिल्या. जुना गंध विरायला वेळ लागतो ना! थव्याला विसरताही आलं पाहिजे, हे इथे स्पष्ट दिसतं. म्हणूनच संशोधक मार्को दोरिगो यांनी मुंग्यांवरून संगणकासाठी जवळची वाट शोधायची पद्धत बांधली, तेव्हा गंधाच्या जागी वापरलेला खुणेचा आकडा दर फेरीला थोडा घटेल अशी सोय ठेवली.

रोबोटला खरोखरचा गंध लागतोच असं नाही. हार्वर्डच्या ‘टर्मीस’ रोबोटनी वाळवीसारखं बांधकाम केलं, तेही एकमेकांशी न बोलता. समोरच्या विटांची रचना बघायची आणि पुढची वीट कुठे बसते ते ठरवायचं. बांधकाम हाच त्यांचा निरोप.

एखादा रोबोट बिघडला तर सगळा डोलारा कोसळत नाही का?

बंद पडला तर सहसा नाही. हार्वर्डमध्येच २०१४ साली १,०२४ किलोबॉटनी मिळून चांदणीसारखे आकार तयार केले. किलोबॉट म्हणजे जेमतेम ३.३ सेंटिमीटरची चकती, तीन काड्यांवर उभी, मोटारींच्या थरथरीने सरकणारी. टेबलावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशातून ती जवळच्यांशी बोलते. गर्दीच्या कडेकडेने सरकत जायचं, ठरलेल्या आकारात शिरलं की थांबायचं, असा त्यांचा क्रम. कुणी अडकला की मागे कोंडी व्हायची. ती ओळखण्याची सोयही त्यांच्या नियमांतच होती. एक आकार पूर्ण व्हायला १२ तासांच्या आसपास लागायचे.

बंद रोबोटपेक्षा चुकीचं सांगणाऱ्या रोबोटची मला जास्त धास्ती वाटते. बंद पडलेला निदान गप्प बसतो. चुकीची माहिती मात्र एकाकडून दुसऱ्याकडे पसरत जाते. रांगेतून भरकटलेल्या लष्करी मुंग्या एकमेकींच्या मागे गोल फिरत राहतात आणि थकून मरतात. त्यातली प्रत्येक मुंगी पुढचीच्या मागे जायचा नियम अचूक पाळत असते. थव्याची कोणतीही योजना समोर आली की हा धोका कसा टाळला आहे, ते मी सगळ्यात आधी विचारते.

पाण्याखाली रोबोटनी एकमेकांचा अंदाज कसा घ्यायचा?

रेडिओ लहरी पाण्यात लांब जात नाहीत, तेव्हा बघणं हा एक उपाय. २०२१ मधल्या ‘ब्लूबॉट’ या माशाच्या आकाराच्या रोबोटना दोन कॅमेरे आणि तीन निळे दिवे होते. शेजाऱ्याचे दिवे कॅमेऱ्यात एकमेकांपासून किती दूर दिसतात, त्यावरून अंतर कळायचं.

आम्ही विद्यार्थी आहोत. सुरुवात कुठून करू?

रोबोट विकत घेऊ नका, आधी संगणकावर ठिपके हलवा. संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले थव्याचे तीन नियम पुरेत: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने आणि वेगाने चला, घोळक्याच्या मध्याकडे सरका. मग प्रत्येक ठिपक्याला अंतर न बघता फक्त जवळचे सहा-सात शेजारी दाखवा. रोमच्या आकाशातल्या मैनांच्या थव्यांत इटलीच्या शास्त्रज्ञांना हेच आढळलं होतं. त्यानंतर एका ठिपक्याला मुद्दाम चुकीची दिशा द्या आणि बाकीचे किती वेळात सावरतात ते मोजा.