लेकीला चीन-जपान शिकू द्या, राहतं घर मात्र तारण ठेवू नका

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहात. वय ५१, हातात पडणारा पगार ६२ हजार, निवृत्ती ५८ व्या वर्षी. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि लंडनमधल्या एका विद्यापीठाच्या पूर्व आशिया अभ्यास केंद्रात तिला एक वर्षाच्या एम.ए.साठी प्रवेश मिळाला आहे. फी, राहणं-खाणं, विमान धरून खर्च ३८ लाख. त्यातले ८ लाख ठेवी मोडून आणि ३० लाख राहतं घर तारण ठेवून उभे करायचे, असा तुमचा विचार आहे. पाहुणे मात्र विचारतात, चीन-जपानचा इतिहास शिकून पोरीचं पोट भरणार आहे का?

आधी पाहुण्यांचं बोलू. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ खनिजं आणि त्यांच्यापासून होणारी चुंबकं यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्याकडच्या वाहन कंपन्यांची झोप उडाली होती. गाड्या बनायच्या थांबल्या की कास्टिंगच्या ऑर्डरी थांबतात, हे शिरोलीत काम करणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. बीजिंगमध्ये निर्णय कसे होतात, जपान आणि कोरिया त्यावर काय करतात, हे तिथल्या भाषेतले कागद वाचून सांगणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. विषय भक्कम आहे. मुलीने तो मनापासून निवडलाय, याचा मला आनंद आहे.

प्रश्न कर्जाचा आहे. ३० लाख, व्याज साडेदहा टक्के, शिक्षणाचं एक वर्ष आणि त्यानंतर हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष असं धरू. या दोन वर्षांत सरळव्याजानेच ६ लाख ३० हजार वाढतात. मग ३६ लाख ३० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे ४९ हजार. एकूण परतफेड ५८ लाखांच्या पुढे. पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५३ वर्षांचे, शेवटचा फेडाल तेव्हा ६३ चे. म्हणजे निवृत्तीनंतरची पाच वर्षं पगाराविना हा हप्ता. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरात वजावट मिळते, पण फक्त जुनी करप्रणाली निवडली तर आणि तीही आठच वर्षं. या वजावटीच्या भरवशावर एवढा बोजा घेऊ नये.

मुलगी फेडेल, असं तुम्ही लिहिलंय. तिची तयारी असेल, शंका नाही. पण कशाच्या जोरावर? अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना चिनी, जपानी, कोरियन शिकवताना साधारण २,२०० तासांचे वर्ग धरतं. जपानीत रोजच्या वापराच्या अधिकृत यादीतच २,१३६ कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, आहेत. एका वर्षाच्या एम.ए.त निबंध आणि प्रबंध सांभाळून एवढं होत नाही. पदवी हातात आणि भाषा अर्धवट, अशा अवस्थेत ती नोकरी शोधायला लागेल. पदवीनंतर ब्रिटनमध्ये राहायची मुभाही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचीच आहे. परत आल्यावर इथल्या संशोधन संस्थेतल्या सुरुवातीच्या पगारातून ४९ हजारांचा हप्ता निघेल, असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पैसा आधी भाषेवर घाला. तिला जपानीची ओढ आहे असं तुम्ही म्हणता, तर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेपासून सुरू करा. एन५ ही पहिली पायरी, एन१ शेवटची. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, पुण्यात केंद्र आहे. पुण्यातच रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकता येतं. कंपन्या विचारायला लागतात ते साधारण एन२ पासून. मराठी माणसाला यात एक फायदाही आहे: आपल्यासारखंच जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे वाक्यरचना लवकर अंगवळणी पडते. कांजीला मात्र रोजची बैठक हवी.

एम.ए. दिल्लीत होऊ शकतं. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाई अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि जेएनयूमध्ये पूर्व आशियाई अभ्यास केंद्र. प्रवेश सीयूईटी पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून. फी लंडनच्या तुलनेत नगण्य. राहण्या-जेवणाचे महिना १५ हजार धरले तर दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार. पुस्तकं, भाषेचे वर्ग, जाणं-येणं धरून सहा लाखांचं अंदाजपत्रक करा. यातही थोडं थोडं करून पगारातून बरंच निघेल, ठेवींना हात लावावा लागलाच तर दोन-तीन लाखांपुरता. उरलेले पाच लाख सात टक्क्यांनी तुमच्या निवृत्तीपर्यंत आठ लाखांच्या पुढे जातात, ते तुम्हा दोघांचे राहू द्या.

दिल्लीच्या दुसऱ्या वर्षात तिने जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीसाठी दूतावासामार्फत अर्ज करावा. फी माफ, विमानाचं तिकीट आणि संशोधक विद्यार्थ्याला महिना सुमारे १,४३,००० येन. स्पर्धा तगडी असते. लेखी परीक्षा, मुलाखत आणि संशोधनाचा नेमका आराखडा लागतो. दोन वर्षांचा अभ्यास आणि एन३ गाठीशी असेल तर तिचा अर्ज आजच्यापेक्षा कितीतरी वजनदार होईल. तेव्हा मिळाली नाही तर पुण्यातल्या एखाद्या जपानी कंपनीत काम करत एन२ करावं. दोन वर्षांच्या अनुभवावर ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठीही अर्ज करता येतो, म्हणजे लंडनची वाट बंद होत नाही.

तिला वाईट वाटेल, हे मला कळतं. ऑफर लेटर हातात असताना थांब म्हणणं जड जातं. म्हणून हे आकडे तुम्ही एकट्याने ठरवून तिला सांगू नका. तिच्या आईसकट तिघं एकत्र बसा, हप्त्याचं गणित तिलाच करू द्या. हुशार मुलगी आहे, घर कशासाठी पणाला लागतंय हे तिला कळायलाच हवं.

लंडनच्या विद्यापीठाला आजच ई-मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, आणि एखादी शिष्यवृत्ती देता येईल का, हे विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत अनामत रक्कम भरू नका, आणि बँकेत घराची कागदपत्रंही देऊ नका.