राहतो कोल्हापुरात, पण शहराशी संबंधच उरला नाही

"मॅडम, जन्म कोल्हापूरचा, राहतो कोल्हापुरात, पण मी इथला आहे असं वाटतच नाही." तिशीतल्या एका इंजिनिअरची ही तक्रार. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, घरून काम करणाऱ्या बऱ्याच तरुणांकडून हल्ली मी हे ऐकते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो पुण्याहून शिवाजी पेठेतल्या घरी आला आणि कंपनीनं पुढंही घरूनच काम करू दिलं. किराणा ॲपवर, जेवण ॲपवर, मित्र व्हॉट्सॲपवर. पोरगा डोळ्यांसमोर आहे म्हणून आई-वडील समाधानी होते. तो मात्र आठवडेच्या आठवडे उंबरा ओलांडत नव्हता. रात्री जागून इंग्लिश प्रीमियर लीग बघायचा. मी विचारलं, "आणि शाहू स्टेडियमवर यंदा कोण जिंकलं?" लहानपणी वडिलांबरोबर पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल मॅचला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडणारा हा मुलगा. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या पेठेच्या टीममध्ये आता कोण खेळतं, तेही मला माहीत नाही."

झोप, भूक, कामातलं लक्ष, जगण्याबद्दलची आशा हे सगळं मी आधी नीट विचारून घेतलं. सततची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवं. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे. याच्या बाबतीत तसं नव्हतं. दिवसभरात आई-वडिलांखेरीज कुणाशी समोरासमोर बोलणंच होत नव्हतं.

रविवारी फोन बंद ठेवण्याचा प्रयोग त्यानं करून पाहिला होता. फोन बंद, आणि हा खोलीतच. सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून फोन सोडण्यापासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. आधी बाहेर जाण्यासारखं काहीतरी हवं. नुसतं फिरून येण्यानंही फारसं साधत नाही. तो एकदा रंकाळ्यावर जाऊन आला होता आणि सगळं बदललंय म्हणून आणखीच खट्टू झाला होता. लहानपणचं कोल्हापूर आता कुणालाच मिळणार नाही. ओळख करून घ्यायची ती आजच्या शहराशी, म्हणजे आजच्या माणसांशी.

इथं जिवलग मित्रच हवेत असंही नाही. सँडस्ट्रॉम आणि डन या संशोधकांनी 2014 मध्ये मांडलेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ज्या दिवशी नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त आनंदी आणि आपण इथले आहोत असं वाटलं. ही तोंडओळख व्हायला मात्र त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आम्ही दोन जागा ठरवल्या. करवीर नगर वाचन मंदिर हे 1850 चं ग्रंथालय. घेतलेलं पुस्तक परत द्यायला जावंच लागतं, म्हणून ते निवडलं. दुसरी जागा गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात, फेसासकट ग्लास हातात येतो आणि उभ्यानंच प्यायचं असतं. अट एवढीच, की पैसे देऊन लगेच वळायचं नाही, एक तरी वाक्य बोलायचं.

त्यानं कसंबसं म्हशीबद्दल काहीतरी विचारलं. समोरून लगेच आलं, "कुणाचा रं तू?" वडिलांचं नाव सांगताच ओळख निघाली. पुढच्या खेपेला प्रश्न आला, "लगीन कधी?" झालं! यानं जाणंच बंद केलं. आपल्या शहरांची ही बाजू तरुणांना खरोखर जाचते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. ॲप लग्नाचं विचारत नाही, म्हणून तर ते सोपं वाटतं. आम्ही खोलीत उत्तराचा सराव केला. मी काका व्हायची, तो म्हणायचा, "ठरलं की सांगतो की काका. आज गर्दी लई दिसतीय?" विषय बदलायला जमलं तशी भीती कमी झाली आणि जाणं पुन्हा सुरू झालं.

मग वडिलांबरोबर मॅच. स्टेडियमवर जाता-येता वडील जितकं बोलले तितकं घरात कधी बोलले नव्हते, असं तो म्हणाला.

काम अजून घरूनच चालतं, फोनही हातात असतोच. आता आठवड्याचा भाजीपाला मात्र तो आईबरोबर जाऊन आणतो. गावात समवयस्क मित्र अजून झालेला नाही आणि ते त्याला सलतं. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला जायचं त्यानं ठरवलंय. तिथं वाटेतही मुक्कामीही अनोळखी माणसंच सोबत असणार. स्वतःहून ओळख कशी काढायची, याचा सराव सध्या आम्ही करतोय.