हरलं की डाव दुप्पट? आधी चाक मोजा

रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल यावरच्या जुगारात, लालवर लावायचं आणि हरलं की डाव दुप्पट करायचा, म्हणजे एका विजयात सगळं परत: ही युक्ती कागदावर पक्की वाटते, कबूल. पण युरोपियन रूलेटमध्ये घरं ३७, लाल फक्त १८ (बाकी १८ काळी आणि एक शून्य), आणि जिंकल्यावर मिळतं एकास एक. म्हणजे लावलेल्या दर १०० चिपांमागे (चिप म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती) सरासरी २.७ कॅसिनोच्या. दोन शून्यांच्या चाकावर ५.२६.

१० चिपांपासून दुप्पट करत सलग ७ डाव हरलात, की १,२७० गेल्या. पुढचा डाव १,२८०चा, तोही निव्वळ १० कमावण्यासाठी! (टेबलाची कमाल मर्यादा अनेकदा त्याआधीच आडवी येते.) १० चिपांपासून नव्याने सुरुवात म्हणजे एक प्रयत्न धरला, तर असा फटका साधारण १०६ प्रयत्नांत एकदा बसतो, तोवरची कमाई जेमतेम १,०५०.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- ‘पाचदा काळा आला, आता लालच.’ चाकाला मागचं आठवत नाही.
- हरलेलं भरून काढायला ठरवलेल्या रकमेबाहेर जाणं.

खेळायचंच असेल तर एका शून्याचं टेबल निवडा.