कॅसेटीत फुंकर मारू नका, आणि बाकीची उत्तरं

मागच्या अंकात माझ्या परिचयात एक ओळ छापून आली, की मी जुन्या टीव्ही गेमसाठी घरी बसून नवे गेम लिहिते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी नागपुरात महाल या भागात राहते, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते. जुने गेम दुरुस्त करणं आणि नवे रचणं हे संध्याकाळचं काम. उन्हाळ्यात तर रात्रीचं, कारण इकडे मे महिन्यात कूलरसमोरून उठून सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं म्हणजे रात्रीचे दहा वाजल्याशिवाय जमत नाही.

प्रश्न : ताई, माळ्यावर नव्वदीतला टीव्ही गेम सापडला. नव्या टीव्हीला लावला तर नुसत्या मुंग्या. कॅसेटीत फुंकर मारून पाहिली. लहानपणी त्यानं चालायचा. – वि. ठा., वर्धा

फुंकरीनं तेव्हाही चालत नव्हता. कॅसेट काढून परत खोचली की पिना एकमेकींवर घासायच्या आणि संपर्क जुळायचा. श्रेय मात्र फुंकरीला मिळायचं. तोंडाच्या वाफेनं त्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतात, तेव्हा आता फुंकर बंद. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिळतं, ते कानाच्या काडीवर घेऊन पट्ट्या पुसा. काडी काळी निघायची थांबली की पुरे.

मुंग्यांचं कारण बहुधा वेगळं आहे. तुम्ही ॲन्टेनाच्या खाचेत वायर लावली असणार. मग टीव्हीत ॲनालॉग चॅनेल शोधायला लावा, किंवा गेमच्या मागे पिवळी पिन असेल तर सरळ एव्हीला जोडा. पण या सगळ्याच्या आधी अडॅप्टर तपासा. या गेमांत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो आलेल्या विजेचे ५ व्होल्ट करून पुढे देतो. पिनेच्या आत प्लस आहे की मायनस, हे प्रत्येक बनावटीत वेगळं. घरात सापडेल तो अडॅप्टर लावला आणि जोडणी उलटी झाली तर आतलं काही वाचेलच असं नाही. मल्टिमीटर नसेल तर गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे न्या. आणि पेटी उघडल्यावर पाटीवर डांबराच्या थेंबासारखं काळं काही दिसलं तर ते खरवडू नका. तीच चिप आहे. ती गेली असेल तर दुरुस्ती नाही.

प्रश्न : मुलासाठी टीव्ही गेमची, बदकं मारायची बंदूक शोधून आणली. एलईडी टीव्हीवर एकही बदक पडत नाही. बंदूक खराब की टीव्ही? – ना. प., खामला, नागपूर

दोन्ही ठीक आहेत, त्यांची भाषा जुळत नाही. बंदुकीतून काही सुटत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा भाग असतो. आधी काळं आणि नंतर पांढरं दिसलं तर बदक पडलं. आधी काळं दिसायला हवं म्हणूनच ट्यूबलाइटवर नेम धरून फसवता येत नाही. पिक्चर ट्यूबवर चित्र ओळीओळीनं, सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींच्या वेगानं काढलं जातं आणि बंदूक तीच लकाकी शोधते. नव्या टीव्हीत ती लकाकी नाही, शिवाय चित्र थोडं उशिरा येतं. जुना डब्बा टीव्ही मिळवा. शनिवारी बाजारात किंवा कबाडीकडे विचारा, पण उचलायला सोबत दोघं न्या.

प्रश्न : मला स्वतःचा ८-बिट गेम करायचा आहे. डोक्यात १०० लेव्हल आहेत, गोष्ट मराठीत सांगायची आहे. सी भाषा येते. सुरुवात कुठून करू? आणि ताई, तुम्ही स्वतः काय करून राहिल्या? – अ. बो., अभियांत्रिकी दुसरं वर्ष, हिंगणा रोड, नागपूर

१०० लेव्हल विसर. एक गल्ली कर.

आपल्याकडे जे टीव्ही गेम आले ते बहुतेक जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला. त्या यंत्रात काम करायला मेमरी आहे २ किलोबाइट. साध्यातल्या साध्या कॅसेटीत प्रोग्रामला ३२ किलोबाइट आणि चित्रांना ८, एकूण ४०. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स तेवढ्यातच बसवलेला आहे. सीसी६५ हा कंपायलर, म्हणजे सीचं या यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, फुकट आहे, तुझं सी त्यावर चालेल. मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चित्रांच्या फरश्या (ज्या लहान चौकोनांनी चित्र बनतं ते), मेमरी, सगळं उघडं दिसतं. गाण्यांसाठी फॅमीस्टुडिओ. प्रोग्राम लिहायचाच नसेल तर गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी जीबी स्टुडिओ आहे. तोही फुकट आणि चांगला, पण तुला सी येत असताना त्यात शिरू नको.

आता मी काय करते ते. माझा गेम मारबतीचा आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. माझ्या गेममध्ये एक पोट्टं रस्त्याच्या कडेनं धावतं, डास, खोकला, खड्डे असलं जे दिसेल ते गोळा करून मारबतीवर फेकतं. दहन होण्याआधी जितकं फेकलं तितके गुण.

ऐकायला सोपं आहे. आता यंत्र काय म्हणतं ते बघ. हलणारी चित्रं म्हणजे स्प्राइट, ८ पिक्सेल रुंदीची. पडद्यावर एकूण ६४, आणि एका आडव्या ओळीत फक्त ८. नववं आलं की ते दिसतच नाही. मारबत ६४ पिक्सेल रुंद काढली तर ८ गुणिले ८, ओळ संपली. पोट्टं तिच्याजवळ गेलं की गायब! जुन्या गेमांत गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, ती यामुळेच. म्हणून मारबत स्प्राइट नाही, ती मागच्या चित्रात रंगवलेली आहे, पडद्याच्या मधोमध, जागची न हलणारी. हलते ती खालची पट्टी, म्हणजे नुसती डोकी आणि वर केलेले हात. वरचा भाग स्थिर आणि खालचा सरकता, हे करायला पहिल्या क्रमांकाच्या स्प्राइटचा उपयोग होतो. तो मागच्या चित्रातल्या ठरलेल्या रंगीत ठिपक्यावर आला की यंत्र खूण देतं, त्या क्षणी सरकण्याचा आकडा बदलायचा. डोकी मागं जातात आणि मारबत पुढं निघाल्यासारखी वाटते. मागची घरं काढून टाकावी लागली, कारण तीही मारबतीबरोबर जागीच उभी राहिली असती. आता नुसतं आकाश आहे, भादव्यातलं, राखाडी. मला ते आवडलं.

पिवळी आणि काळी हे एकच चित्र, फक्त रंगांचा संच बदलायचा, असं कोणीही सुचवेल. जागा वाचते हे खरं. पण दोघींचे चेहरे वेगळे आहेत, आणि ते सारखे काढले तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मला उभी करणार नाहीत. चेहऱ्यांना वेगळ्या फरश्या दिल्या, अंग एकच ठेवलं.

मराठी मजकुराचं. इथे बहुतेक जण हात टेकतात आणि ‘स्टार्ट’ इंग्रजीत लिहून मोकळे होतात. मागच्या चित्रासाठी ८ बाय ८ च्या २५६ फरश्या मिळतात. पूर्ण बाराखडी काढायला गेलास तर ३६ गुणिले १२, म्हणजे ४३२. बसत नाही. उपाय असा, की अक्षर एका फरशीत, तिच्या सगळ्यात वरच्या ओळीत शिरोरेषा. दोन फरश्या शेजारी ठेवल्या की रेघ आपोआप जुळते. मात्रा आणि वेलांट्या अक्षराच्या डोक्यावरच्या फरशीत, उकार पायाखालच्या. काना स्वतंत्र फरशी. ‘मारबत’ लिहायला पाच फरश्या लागतात, डोक्यावर काही नाही, पायात काही नाही. ‘घेऊन जा गे’ला वर एकच एकार काढायचा, दोनदा वापरायचा. ऱ्हस्व वेलांटी छळते, कारण तिची दांडी अक्षराच्या आधी आणि कमान दोन फरश्यांवर. ‘ख’ला दोन फरश्या दे, नाहीतर तो ‘रव’च दिसतो. जोडाक्षरं टाळता येतील असाच मजकूर लिही. त्यानं भाषाही बरी होते, उगाच ‘प्रारंभ करा’ कशाला, ‘चला’ म्हण.

आवाजाला दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसता खरखराट आणि एक रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. ताशा खरखराटाच्या बारीक तुकड्यांतून फार छान निघतो. ढोलासाठी त्रिकोणी लहर वरून झपकन खाली आणायची. यावर मी जरुरीपेक्षा जास्त रात्री घालवल्या आहेत आणि शेजाऱ्यांचं त्यावर मत आहे.

एक शेवटचं, ते विसरू नकोस. आपल्याकडचे गेम सेकंदाला ५० चित्रं दाखवतात, अमेरिकी आणि जपानी ६०. एम्युलेटरवर ६० ला बेतलेला गेम इथल्या पेटीवर लावला की सगळं एक षष्ठांश मंद होतं, ताशासुद्धा. सुरुवातीलाच यंत्र कुठलं ते मोजून घे आणि त्याप्रमाणे वेग ठेव.

प्रश्न : परदेशातले होमब्रू गेम लोक डोक्यावर घेतात. मला ते जुन्याच्या नकला वाटतात. तुमचं मत? – सु. के., अमरावती

होमब्रू म्हणजे जुन्या यंत्रांसाठी हौशी लोकांनी घरी केलेले नवे गेम. बऱ्याच नकला आहेत, तुमचं बरोबर आहे. जुना गेम अवघड होता म्हणून आपलाही अवघड, एवढाच पुष्कळांचा विचार असतो. २०१० चा बॅटल किड घ्या. एकहाती केलेलं काम म्हणून मी सलाम करते, पण एक धक्का लागला की मरण, आणि तीच खोली परत. मी तो पूर्ण केलेला नाही आणि करणारही नाही.

मायक्रो मेजेस मात्र खेळाच. त्याच ४० किलोबाइटमध्ये बसवलाय, आणि चार जण एकदम खेळू शकतात. जागा कशी वाचवली ते चित्र थांबवून बघण्यासारखं आहे. अर्धा राक्षस काढायचा, उरलेला आरशातला. त्या काळी ही यंत्रं घरात एकाच वेळी दोघांना धरून ठेवायची आणि बाकीचे रांगेत बसायचे. चौघांना एकत्र बसवणं तेव्हा क्वचितच व्हायचं, म्हणून ही माझ्या मते नुसती नक्कल नाही. गेमबॉयवरचा टोबू टोबू गर्ल फुकट आहे. मांजर फुग्याला लटकून वर गेलंय आणि मुलगी त्याच्या मागे उड्या मारत जाते, बस. पाच मिनिटांत हरता आणि राग येत नाही. त्याचा सोर्स कोडही, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रामही, खुला आहे, वरच्या अ. बो.नं वाचावा.

माझी कसोटी साधी आहे. ज्यानं लहानपणी असला गेम पाहिलाच नाही, अशा पोराच्या हातात रिमोट द्यायचा. त्यानं तो परत मागितला तर गेम चांगला. आठवणींवर चालणारे गेम तिथेच पडतात.

प्रश्न : ‘९९९९९९९ इन वन’ कॅसेट विकत घेणं गुन्हा आहे का? आणि माझा गेम कॅसेटीत घालून विकता येईल का? – रा. म., गोंदिया

त्या कॅसेटींतले गेम दुसऱ्यांचे आहेत आणि परवानगीशिवाय छापलेले आहेत, एवढं पुरे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःकडच्या कायदेशीर प्रतीची सुरक्षेपुरती प्रत काढायला मुभा आहे, कॅसेटी छापून विकायला नाही. तुमचा गेम पूर्ण तुमचा असेल, चित्रं आणि संगीत धरून, तर खुशाल विका. ४० किलोबाइटच्या गेमला कॅसेटीत जादा चिप लागत नाही, आणि इथल्या ६० पिनांच्या पेट्यांत अमेरिकेतल्या यंत्रासारखं, परवाना नसलेल्या कॅसेटी अडवणारं कुलूपही नाही. मारिओचं चित्र मात्र वेष्टनावर टाकू नका, पोरं फसतात आणि मग तुमच्याच दाराशी येतात.

प्रश्न : मावशी, मी सहावीत आहे. मला गेम करायचा आहे पण आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. – ई., उमरेड

लागत नाही. चौकटीची गणिताची वही घे. आठ घरं आडवी, आठ उभी, अशी चौकट आख. त्यात तीनच रंग वापरायचे आणि चौथं म्हणजे रिकामं घर. पहिली चौकट डोकं, खालची धड. चालताना डोकं बदलत नाही, म्हणून ते एकदाच काढ, आणि पाय दोन तऱ्हेचे. डावीकडे तोंड केलेली माणसं काढू नकोस, यंत्र उलटवून देतं. मला एक डास हवा आहे, एका चौकटीत मावेल असा, पंख वर आणि पंख खाली. माझा डास सगळ्यांना माशी वाटतो. शिसपेन्सिलीनं काढ, आईच्या मोबाइलवर दिवसाउजेडी फोटो काढ आणि या सदराच्या पत्त्यावर पाठव. गेममध्ये घेतला तर शेवटच्या पाटीवर तुझं नाव येईल. दीर्घ ई आहे ना? तिची फरशी तयार आहे.