पैसे मुलगा देतोय, पण पुस्तक आप्पांचं आहे

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: विट्याजवळच्या गावातले आप्पा, वय 78, सगळी हयात कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात गेली. त्यांच्या थोरल्या मुलाने तुम्हाला आत्मचरित्राचं शब्दांकन करायला सांगितलंय आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात पुस्तक प्रकाशित करायचंय. सुरुवात कुठून करू, नाव कुणाचं आणि पैसे किती, हे तुम्ही विचारलंय. मी साताऱ्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्ही न विचारलेली गोष्ट. शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्या बैठकीआधी ठरवा. मानधन देणारा मुलगा आहे, त्याची तारीख ठरलेली आहे आणि त्याला स्टेजवर मान्यवरांच्या हातात देण्याजोगं पुस्तक हवंय. त्यात वावगं काही नाही. पण आप्पांना कदाचित वेगळंच सांगायचं असेल. चुलत्याबरोबर पोरवयात गाव सोडलं तेव्हाची भूक, भट्टीपुढची रात्र, तेजाबाचा धूर, भावाशी तुटलेलं बोलणं. मुलाला हे ‘कशाला हवंय’ वाटेल. म्हणून मुलाला समोर बसवून स्वच्छ सांगा की प्रत्येक प्रकरण आधी आप्पांना दाखवणार, त्यांनी होकार दिला की मगच तुम्हाला. हे त्याला मान्य नसेल तर त्याला गौरवग्रंथ हवाय. तोही करता येतो, पण तो वेगळा प्रकार आहे, त्याला आत्मचरित्र म्हणू नका.

आणि ‘दाखवणार’ म्हणजे वाचून दाखवणार. छापील गठ्ठा हातात दिला तर वडीलधारी माणसं ‘छान झालंय’ म्हणून बाजूला ठेवतात. मोठ्याने वाचायला लागा, तिसऱ्या वाक्याला आप्पा हात वर करतील: ‘आसं न्हाई झालं ते.’ माझ्या अनुभवात निम्मं पुस्तक या वाचनातच तयार होतं. ऐकताना माणसाला विसरलेलं आठवतं, आणि आपण घातलेला एखादा जड शब्द त्याच्या कानाला लगेच खटकतो. त्या वेळीही रेकॉर्डिंग चालू ठेवा.

भाषेचं एक उदाहरण देतो. समजा आप्पा म्हणाले, ‘आई म्हनली जा, पर दिवाळीला ये. दिवाळीला कुटलं येतुय, पाच वर्सं गाव दिसलं न्हाई.’ हे जर तुम्ही ‘मातोश्रींनी साश्रू नयनांनी मला निरोप दिला’ असं लिहिलंत, तर आप्पाही गेले आणि आईही गेली. मी असं करतो: निवेदन साध्या प्रमाण मराठीत, वाक्यं त्यांच्याइतकीच तोकडी, आणि माणसं बोलतात तिथे बोली जशीच्या तशी. ‘आई म्हणाली, “जा, पर दिवाळीला ये.” दिवाळीला कुठलं येतोय. पाच वर्षं गाव दिसलं नाही.’ सगळंच पुस्तक बोलीत लिहायला माझी हरकत नाही, पण आप्पांना विचारून. बोली छापली की लोक आपल्याला अडाणी समजतील, अशी भीती पुष्कळांच्या मनात असते आणि तिचा मान राखला पाहिजे.

तारखांचं काम मात्र तुमचं. आपल्याकडची माणसं सन सांगत नाहीत, ‘भूकंपाच्या आदल्या वर्षी’ म्हणतात. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, त्यावरून मागेपुढे मोजता येतं. तसाच 1972 चा दुष्काळ. गलाईवाल्यांसाठी आणखी एक खुंटी म्हणजे सुवर्ण नियंत्रण, सरकारने सोन्याच्या व्यवहारावर घातलेले निर्बंध. जानेवारी 1963 मध्ये नियम आले, 1968 ला कायदा झाला आणि 1990 ला तो रद्द झाला. आप्पा नियम आले त्याच सुमारास धंद्यात शिरलेले दिसतात, तेव्हा ‘सोन्यावर बंदी आली तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न नक्की विचारा. त्या एका प्रश्नावर दोन बैठका निघतील.

शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या, पण त्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. गुरुजींनी नाव घालताना सोयीने टाकलेली ती तारीख असू शकते. जमिनीच्या वाटण्या, खरेदी, गहाण यांसाठी सातबाऱ्यापेक्षा जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, उपयोगी पडतात, कारण त्यात व्यवहाराची हकिकत असते. जुन्या कागदांवर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ दिसला तर गोंधळू नका. 1949 ला साताऱ्याचे दोन भाग झाले आणि ‘सांगली जिल्हा’ हे नाव 1960 ला आलं. घरच्या ट्रंकेत मनीऑर्डरीच्या पावत्या, अंतर्देशीय पत्रं असतील तर ती सोन्यासारखी जपून फोटो काढून परत करा.

काकूंशी, म्हणजे आप्पांच्या पत्नीशी, बोलल्याशिवाय हे पुस्तक पुरं होणार नाही. गलाईवाल्याच्या आयुष्याचा अर्धा भाग गावात घडलेला असतो आणि तो बहुतेक वेळा बाईने रेटलेला असतो: शेत, सासूसासरे, पोरांच्या शाळा, पैसे यायला उशीर झाला की वाण्याची उधारी. आप्पांना यातलं बरंच माहीतही नसेल. आप्पांची परवानगी घेऊन काकूंशी वेगळं बसा, स्वयंपाकघरात बसायला लागलं तरी बसा. फक्त त्यांनी सांगितलेलं आप्पांच्या तोंडी घालू नका. त्यांच्या नावाने स्वतंत्र प्रकरण द्या.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, सुरुवातीला तारीख आणि ठिकाण बोला, त्याच दिवशी फाइल दुसरीकडे कॉपी करा. एका वेळी तास-दीड तास, जास्त नको, या वयात माणूस दमतो. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे धरूनच मुलाला तारीख द्या.

काही गोष्टी आप्पा सांगतील आणि म्हणतील, ‘हे छापू नका.’ तिथे लगेच मशीन बंद करा. हयात माणसांवर चोरीच्या सोन्याचे, फसवणुकीचे आरोप असतील तर नाव बदलून भागत नाही, गावात सगळ्यांना ओळख पटते. बदनामीचा दावा आप्पांवरही होईल आणि तुमच्यावरही. पण सगळं पुसूनच टाकायला हवं असं नाही. मौलाना आझादांचं आत्मचरित्र ‘इंडिया विन्स फ्रीडम’ असंच झालं: मौलाना उर्दूत सांगत आणि त्यांचे सहकारी हुमायून कबीर इंग्रजीत मसुदा करत. मौलाना तो तपासत. त्यातली सुमारे 30 पानं मौलानांनी मोहोरबंद ठेवायला लावली. पुस्तक 1959 ला आलं, ती पानं 1988 ला उघडली. आप्पांनाही हा मार्ग सुचवता येईल: बंद पाकीट, वर कधी उघडायचं ते त्यांच्या सहीनिशी.

त्याच पानांवरून मौलानांच्या वारसांनी दावा लावला होता आणि दिल्ली हायकोर्टाने सांगणारा व लिहिणारा दोघांनाही सहलेखक मानलं. म्हणून करार लेखी करा, ओळखीच्या घरी तर आवर्जून. मुखपृष्ठावर आप्पांचं नाव, आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून तुमचं. कॉपीराइट आप्पांना देणार असाल तर मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. 1957 च्या कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, काम अर्धवट थांबलं तर काय, हेही त्यातच घ्या. सही आप्पांची हवी, नुसती मुलाची नको.

पैशाचं म्हणाल तर पानामागे दर लावू नका, नाहीतर पुस्तक उगाच फुगतं. बैठका, उतरवणं, लिहिणं, वाचन आणि दोन दुरुस्त्या मिळून एक रक्कम सांगा. तिचे तीन हप्ते करा: सुरुवातीला, पहिला खर्डा वाचून झाल्यावर आणि छपाईला देण्याआधी. छपाईचा खर्च पूर्ण वेगळा ठेवा. विक्रीतला वाटा मागू नका. अशा पुस्तकाच्या प्रती बहुतेक पाहुण्यारावळ्यांतच वाटल्या जातात.